तिसरा स्क्रू

बुधवार, ११ फेब्रुवारी

उपदेशकसाहेब,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरला तर.

तुझे आजोबा गेले हे मला टपालानं कळलं. लाइटचं बिल येतं तसं. पाकीट फोडलं तेव्हा हाताला डिंक होता, तुझ्या पत्राचा एक कोपरा अजून बाकाला चिकटलाय. तू लिहितोस की फोन लावला होता, मी उचलला नाही. फोन दिवसभर माझ्यासमोर बाकावर पडून होता. त्यावर एक माणूस कर्ज घ्या म्हणाला, एक बाई चुकून लागला म्हणाली. तेवढेच दोन. तू कुठला नंबर लावलास तुझा तुला ठाऊक.

आता फोन करू नकोस. मी बोलायला लागले की तुला तिकडे आवाज येत नाही. कागदावर येतोच.

छातीत पाणी झालं म्हणून तू त्यांना तुझ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलंस, ते बरं केलंस. मी मागं राहिले कारण शवपेट्यांचं दुकान बंद ठेवता येत नाही, माणसं आपली सोय बघून मरत नाहीत. पण बस सुटतात रे तिकडे. एक दिवस बर्फावर ठेवलं असतं तर मी पोचले असते. तू लिहितोस, "मंडळीनं सगळं प्रेमानं केलं." मंडळी कोण? मी त्यांची बायको होते. तुझी ही नव्या चर्चची मंडळी परवाची.

देवाचं शास्त्र शिकायला गेलास तेव्हा सुतारकाम विसरलास असं दिसतं, म्हणून आठवण करते. आपल्या दुकानातून पेटी निघते तेव्हा झाकणाला तीन स्क्रू लागतात. डोक्याशी एक, पायाकडच्या कोपऱ्यांना दोन. पहिला तुझे आजोबा लावायचे, देवबापाचं नाव घेऊन. दुसरा मयताच्या घरचं कुणीतरी, पुत्राचं नाव घेऊन. तिसरा मी, पवित्र आत्म्याचं. आतली गादी मी शिवलेली, उशीत कापूस मी भरलेला, म्हणून शेवटचा हात माझा. तुझ्या पणजोबांपासून असंच आहे. तुझ्या बापाच्या पेटीला मात्र तिन्ही मीच लावले. पोटच्या पोराच्या झाकणावर आजोबांचा हात चालेना. डिसमिस स्क्रूच्या खाचेत बसेचना. शेवटी मी त्यांच्या हातातून काढून घेतला.

आमच्या दोघांसाठी त्यांनी पितळेचे सहा स्क्रू बाजूला ठेवले होते. गिऱ्हाइकाला लोखंडी, आम्हाला पितळी, एवढीच आमची चैन. बोली अशी की जो मागं राहील त्यानं दुसऱ्याचा तिसरा लावायचा. पॉलिशच्या डबीत आहेत. आज डबी उघडून बघितली. सहाच्या सहा आहेत.

मग तू त्यांना कशानं बंद केलंस?

आजी

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

उपदेशकसाहेब,

खटक्यानं.

तुझं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं, तरी खटक्यानंच. कारखान्यातली तयार पेटी, दोन्ही बाजूंना पत्र्याचे खटके. टक्, टक्, झालं. माणूस होता की सूटकेस? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्यांचे सांधे असे बसवले की फटीत नख जाणार नाही, आणि स्वतः दाबलेल्या भुशाच्या फळीत निजले. त्या फळीला ओल लागली की ती बिस्किटासारखी फुगते. तुला माहीत होतं. तूच लहानपणी दुकानात भुशात लोळायचास, म्हणून तर भुश्या नाव पडलं.

बाकी सगळं पत्र तू देवावर लिहिलंयस. आजोबा कसे गेले ते चार ओळी, देव कसा आहे ते चार पानं.

तुझं म्हणणं मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर सांग. देव एकच. बाप, पुत्र, आत्मा हे तिघे नाहीत, एकाचीच तीन नावं आहेत. जसे तुझे आजोबा माझे नवरे, तुझ्या बापाचे बाप आणि गावाचे सुतार, पण माणूस एक. म्हणून तीन नावांनी दिलेला बाप्तिस्मा तो बाप्तिस्माच नव्हे, नुसतं ओलं होणं. म्हणून आजोबा तुमच्या हॉलमधल्या टाकीत एकाच नावानं पुन्हा बुडाले. आणि राजीखुशीनं बुडाले.

शेवटचं मी मानत नाही. बाकीच्यावर बोलते.

आजोबा माझे नवरे आणि तुझ्या बापाचे बाप, हे खरं. पण नवऱ्यानं कधी बापाला हाक मारली नाही. आपला प्रभू धरला जायच्या आधी बागेत पालथा पडून, घामाघूम होऊन, बापाला विनवत होता. एकच असेल तर तो कुणाशी बोलत होता? स्वतःशीच? आपल्या गल्लीतला एक जण स्वतःशी बोलतो, त्याला आपण उपदेशक म्हणत नाही.

आणि दुसरं. तो मेला, हे तुम्हीही मानता. खराखुरा मेला, सोंग नाही. मग त्याला उठवलं कुणी? मी इतकी झाकणं बंद केलीत की मला एवढं कळतं: झाकण आतून उघडत नाही. बाहेर कुणीतरी लागतो. बाप बाहेर होता म्हणून पोरगा उठला. बाहेर कुणी नसेल तर तो अजून आतच आहे, आणि मग आपण सगळे खटक्याच्या पेटीतले.

तुझं उत्तर मी आधीच लिहून टाकते, तुझा कागद वाचेल. तू म्हणशील, प्रभू स्वतःच म्हणाला होता की हे मंदिर, म्हणजे माझं शरीर, पाडा, तीन दिवसांत मी उभारतो. म्हणजे स्वतःच उठला. हो, म्हणाला होता. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. आपल्या चर्चच्या पाळकांना विचारलं, ते म्हणाले हे गूढ आहे. गूढ म्हणजे त्यांच्याजवळही नाही.

पण मला तुझ्याकडून एकच उत्तर पाहिजे. तुझा बाप तीन नावांत बुडाला आणि तीन स्क्रूंखाली गेला. तुझ्या हिशोबानं तो नुसता ओला झाला. मग शेवटच्या न्यायाच्या दिवशी तो उठणार की नाही? ह्याच्यावर तू "देव न्यायी आहे" असं लिहिलंस. गिऱ्हाईक विचारतं, "लाकूड टिकेल ना हो?" तेव्हा आम्ही पण असंच काहीतरी म्हणतो.

आणि वर मला आमंत्रण. आजोबांच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखून ठेवलीय, फक्त मी तुमच्या टाकीतून गेले पाहिजे. इकडे पोराच्या शेजारी आम्हा दोघांची जागा आहे, ती तुला माहीत आहे. म्हणजे नवऱ्याजवळ निजायचं तर पोराला नुसता ओला म्हणायचं. वा रे वा. ह्याला तुमच्यात सुवार्ता म्हणतात?

आजी

शनिवार, १४ मार्च

तुझी बायको येऊन गेली. तू पाठवलीस म्हणाली. स्वतः यायचं धाडस नव्हतं, पण बाईमाणसाला पिशवी देऊन पुढं करायला बरं जमलं.

पोरगी चांगली आहे. तुला कशी मिळाली देव जाणे, तुमचा एकटा का आमचे तिघे.

पिशवीत आजोबांचा चष्मा, दाढीचं सामान, लोकरीची टोपी आणि त्यांचा डिसमिस. लाकडी मुठीचा, अंगठ्याच्या जागी खड्डा पडलेला. मी सगळं बाकावर मांडलं. ती दाराशी उभीच.

"आजी, मी खोटं बोलणार नाही," म्हणाली.

"मग खाली बस. उभ्याउभ्या माणूस निम्मंच खरं बोलतो."

बसली. लाकडाचा छिलका नखानं मोडत राहिली.

"ते राजीखुशीनंच उतरले आजी, टाकीत. ह्यांनी ओढलं नाही."

"छातीत पाणी, आणि वरून टाकीतलं पाणी. बरं. पुढं?"

"त्यांना आमच्याकडे आवडायचं. हॉलमध्ये पहिल्या रांगेत खुर्ची द्यायचे त्यांना. बोलायला लागले की सगळे ऐकायचे. म्हणायचे, इथं मला मधेच कुणी तोडत नाही."

हे मला लागलं. तुला कळावं म्हणून लिहीत नाही, लागलं म्हणून लिहिते.

"मग पाण्यात उतरताना पायरीवर थांबले," ती म्हणाली. "म्हणाले, माझ्या पोराचं काय? तो तीन नावांतच गेलाय. ह्यांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, आजोबा, बाबा आधीच तिथं पोचलेत, तुमची वाट बघतायत. मग उतरले."

मी तिला म्हटलं, परत सांग. तिनं परत सांगितलं. तेच.

अरे, मला तू लिहितोस की तुझा बाप नुसता ओला झाला, देव न्यायी आहे. आणि म्हाताऱ्याला सांगतोस तो आधीच पोचलाय. तुझा देव एक असेल, पण तुझ्या जिभा दोन. म्हाताऱ्याला पाण्यात उतरवायला तुला तुझ्या मेलेल्या बापाचं आमिष लागलं. गळाला लावायला लोक गांडूळ वापरतात.

इथवर राग तुझ्यावर होता. पण पोरगी अजून बसूनच होती. मी म्हटलं, उठ, चहा टाकते. ती म्हणाली, "थांबा. फोनचं राहिलं."

"फोनचं काय?"

"ह्यांनी नंबर काढला होता, खरंच. आजोबांनीच हात धरला. म्हणाले, मला पुरल्यावर तिला कळव."

"शुद्धीत होते?"

"चांगले शुद्धीत होते. पेटीचंही त्यांनीच सांगितलं. आमच्याकडचे दोघे तुमच्या दुकानातून पेटी मागवू म्हणाले, चांगली स्क्रूची. तर म्हणाले, नको. स्क्रूची आणलीत तर ती तिसरा लावायला येईलच. खटक्याची आणा."

मी डिसमिस उचलला, मुठीतल्या खड्ड्यात अंगठा ठेवला. ती घाबरली. "आजी, ते तुम्हाला भीत होते हो. पण वाईट नाही बोलले कधी."

वाईट बोलायला काय झालं होतं? बोलला असता तर मी चार शब्द परत दिले असते आणि प्रकरण मिटलं असतं. आमचा संसार तसाच चालला. तो पाण्यात बुडून देवाचं नाव बदलून आला असता तरी मी आदळआपट केली असती, चार वेळा ताट जोरात ठेवलं असतं आणि पाचव्या वेळेला वाढलं असतं. हे त्याला ठाऊक नव्हतं? एवढी वर्षं एका बाकावर समोरासमोर काम केलं, मी कापड ओढलं, त्यानं बारीक खिळा मारला, माझ्या बोटावर कधी हातोडी पडली नाही. तेवढा अंदाज होता त्याला माझ्या हाताचा. माझ्या मनाचा नव्हता.

स्वतःच्या मरणाला भ्याला नाही, माझ्या तोंडाला भ्याला. आणि सांधा नसलेल्या पेटीत लपला.

लग्न झाल्यापासून त्याला अहो म्हणत आले. आजपासून अरे. मेलेल्या माणसाचा मान ठेवावा म्हणतात, पण त्यानं जिवंत बाईचा ठेवला का?

तुझी बायको संध्याकाळच्या बसनं गेली. तिला डबा दिला. तुला नाही.

आजी

रविवार, ५ एप्रिल

आज पुनरुत्थानाचा दिवस. तुमच्याकडेही असेलच, दिवस तरी एकच आहे.

आपल्याकडची रीत तुला आठवते. उजाडताना सगळे कबरस्तानात जमतात, वर्षभरात गेलेल्यांची नावं पाळक वाचतात, आणि नाव आलं की त्या घरच्यांनी मोठ्यानं म्हणायचं, "उठेल." तुझ्या बापाच्या वेळी तुझे आजोबा इतक्या जोरात म्हणाले की झाडावरचे पक्षी उडाले.

मी ठरवलं होतं की गप्प राहायचं. नाव येईल, मी तोंड मिटून उभी राहीन, बघू कसा उठतो ते. एवढी शिक्षा त्याला पुरे.

तर नाव आलंच नाही. यादी संपली, पाळकांनी पुस्तक मिटलं.

मी म्हटलं, "एक राहिलं."

ते हळूच म्हणाले, "आजी, ते आता आपल्यातले नाहीत. त्यांनी त्रैक्य नाकारलं. मी कसं वाचू?"

"तुम्ही ज्याच्यावर हात आपटून उपदेश करता, त्या मेजाचे पाय कुणी बसवले?"

"प्रश्न पायांचा नाही आजी, श्रद्धेचा आहे."

"मग उद्या श्रद्धेवर हात आपटा. मेज मी घेऊन जाते."

मागं कुणीतरी हसलं. पाळक वाईट माणूस नाही. त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "मला खूप वाईट वाटतं. पण नियम आहे. मंडळी सोडून गेलेल्याचं नाव वाचत नाहीत."

मी म्हटलं, "घर सोडून पळालेला नवराही नवराच असतो. नाही तर शिव्या कुणाला द्यायच्या?"

आणि मग, भुश्या, मी स्वतःच त्याचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं घेतलं, पूर्ण. आणि ओरडले, "उठेल!" कुणी साथ दिली नाही. पक्षीबिक्षी उडाले नाहीत. आवाज माझाच मला परत आला.

शिक्षा द्यायची राहूनच गेली. त्याचा राग मला आहे, त्यांना नाही. राग धरायचा हक्क माझा आहे. तो काय यादीतून नाव गाळून दुसऱ्यांनी वापरायचा?

नंतर तुझ्या बापाच्या कबरीजवळ बसले. त्याच्या शेजारची जागा मोकळी, दोघांना पुरेल एवढी. गवत बरंच वाढलंय. मी उपटलं नाही.

आजी

सोमवार, २० एप्रिल

भुश्या,

तुझं पत्र पोचलं. ह्या वेळी एकच पान, आणि देवावर फक्त दोन ओळी. सुधारलास.

लिहितोस की आजोबांना बापाबद्दल सांगितलं ते खोटं होतं, की मला लिहिलं ते खोटं होतं, हे आता तुझं तुलाच कळत नाही. रविवारी उपदेश करायला उभा राहिलास आणि उपदेश न करताच खाली बसलास. मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असशील तर वाटलं नाही. तू माझ्या माघारी माझा माणूस पाण्यात बुडवलास आणि मातीत घातलास, आणि वर मला खोटं लिहिलंस. ते माफ कर म्हणतोस. प्रभूनं उठल्यावर सोडून पळालेल्यांना माफ केलं, खरं आहे. पण तो तिसऱ्या दिवशी उठलेला होता. मी रोज सकाळी कंबर धरून उठते. मला वेळ लागेल. लागून जमेलच असंही नाही.

तुझा शेवटचा प्रश्न, मी आजोबांजवळ येणार की नाही. त्याचं उत्तर.

नाही.

मी पोराजवळ निजणार. पोरानं मला कधी फसवलं नाही, लवकर गेला एवढंच. तीन नावांत बुडवून मीच त्याला ह्या मातीत ठेवलाय, मी बाजू बदलणार नाही. एक का तीन ह्याचा निकाल त्या दिवशी लागेल, तोवर तुम्ही भांडा. माझी पेटी तयार आहे. फळ्यांना रंधा म्हाताऱ्यानंच मारलेला, सांधे त्याचेच. गादी मी परवा शिवून पुरी केली. आत पाय लांब करून बघितलं, पुरते.

आता काम सांगते, नीट वाच.

मी गेले की तू यायचंस. तुला फोन येईल, तो उचल. तू मंडळी घेऊन ये, नाहीतर एकटा ये, पण ये, कारण ह्या दुकानात झाकण सरळ बसवायला आता दुसरं कुणी राहिलं नाही. माझ्या झाकणाला सहा लावायचेत. डबीतले सगळे. लोक म्हणतील म्हातारीनं देव दुप्पट केला. म्हणू देत.

तीन माझे. त्यांना तीन नावं घ्यायची. तुला घ्यायची नसतील तर पाळक घेतील, तू नुसता फिरव. ते तीन काढायला वरून येतील, त्याची मला काळजी नाही.

बाकीचे तीन म्हाताऱ्याचे. जे मला लावू दिले नाहीत ते. त्यांना कुठलंच नाव घ्यायचं नाही, गच्च आवळायचे, आणि ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी काढायचे नाहीत. देवबापानंही नाही. त्याला मी आधीच सांगून ठेवलंय. म्हातारा उठेल तेव्हा त्या बिस्किटाच्या पेटीतून त्याला काही कष्ट नाहीत, टक् टक् करून बाहेर. मग निघायचं आणि चालत इकडे यायचं. माझ्याकडे आणि पोराकडे. मी जाणार नाही.

ह्या पत्रासोबत पुडक्यात डिसमिस पाठवतेय, त्याचाच, लाकडी मुठीचा. त्याच्या कबरीवर डोक्याच्या बाजूला हातभर खणून पुर. मेणकापडात गुंडाळलाय, गंजणार नाही. रिकाम्या हातानं आला तर सबब सांगत बसेल, मी ओळखते त्याला.

पहिला स्क्रू काढताना मी आतून बोलायला सुरुवात करीन. तिसरा निघेपर्यंत त्यानं सगळं ऐकायचं, मधेच पळायचं नाही. मग माझं झाकण उचलायचं. आतून उघडत नाही, हे त्याला माहीत आहे.

आशीर्वाद अजून उरलेला नाही. पुडकं पोचलं की कळव.

आजी